मागे ठेवलेली वर्षं

त्या वर्षी पाऊस नव्हता म्हणून कलिंगडं लवकर तयार झाली. आकाराने लहान राहिली, पण आतून लाल झाली, आणि मिस्टर पर्विसने आपली मजुरांची टोळी नेहमीपेक्षा आधी शेतात उतरवली.

डॅडी मार्चमध्ये गेले होते. शेंगा फोडायच्या कारखान्यात पोतं उचलायला वाकले आणि तिथेच बसले, ते उठलेच नाहीत. मी मातीला आले, परत सव्हाना शहरात, मी काम करते त्या शाळेच्या ग्रंथालयात गेले, आणि सुट्टी लागल्यावर उन्हाळाभरासाठी घरी आले. मम्मा एकटी नको, असं मी सगळ्यांना सांगत होते. मम्मा एकटी नव्हती. माझा धाकटा भाऊ केंड्रेल घरातच होता आणि तो दारात उभा राहिला की दार भरून जायचं.

शेतात मी बस चालवायचे. कधीकाळी मुलांना शाळेत नेणारी ती पिवळी बस, आता खिडक्यांच्या वरचा सगळा पत्रा कापून टाकलेला. कापणारा पुढे जाऊन देठ तोडायचा आणि फळाचं पिवळं पोट वर करून ठेवायचा. मागून माणसांची रांग. एकाने उचलून दुसऱ्याकडे टाकायचं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, शेवटच्याने वर बसमध्ये. बसमध्ये रचणारा झेलायचा. मी पहिल्या गिअरमध्ये रांगेच्या चालीने चालायचे आणि आरशात केंड्रेलला बघायचे. रांगेत तो शेवटचा. वर फेकायची ती जागा सगळ्यांत कठीण. डॅडींनी ती त्याला नववीत असताना दिली होती. "हाताने फेकू नकोस," ते बसमधून ओरडायचे. "पायाने फेक. खाली बस. अजून खाली." रचणारे तेव्हा डॅडी असायचे. बाप वर, मुलगा खाली, आणि दिवसभर मधून कलिंगडं उडत राहायची.

आता वर पर्विसचा चुलतभाऊ होता. तो झेलायला घाबरायचा.

"अरे, कलिंगड आहे ते," रांगेतला म्हातारा हॉलिस केंड्रेलवर ओरडला. "समोरच्या टीमचा पोरगा नाही. माणसाचा जीव घेशील!"

"सॉरी, मिस्टर हॉलिस."

"सॉरी मला काय म्हणतोस, त्या वरच्याला म्हण. त्याची छाती बघ, कशी लाल झालीय." हॉलिस हसला, मग तोंड पुसलं. "पाठमोरा असला की हा अगदी त्याचा बाप, ओझेलच. काल मी हाक मारली, ओझेल, तंबाखू दे रे. आणि वळला हा पोरगा."

कुणी हसलं नाही. केंड्रेलने पुढचं फळ झेललं, गुडघ्यात वाकला, अजून थोडा वाकला, आणि वर फेकलं. तो जादा वाकला हे मी आरशात बघितलं. तेवढं वाकायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

डॅडींना फुटबॉलचं, हेल्मेट घालून चेंडू हातात धरून खेळायच्या आमच्याकडच्या फुटबॉलचं, वेड आमच्या बाजूच्या सगळ्या बापांना असतं तसंच होतं. फक्त त्यांच्याकडे योजना होती. केंड्रेल सात वर्षांचा असताना चेंडू घेऊन पळणारा व्हावा असं त्यांना वाटायचं. छोट्यांच्या टीममध्ये वजनाची मर्यादा असते. जड मुलाच्या हेल्मेटवर पट्टी चिकटवतात आणि पट्टीवाल्याने चेंडूला हात लावायचा नसतो, फक्त समोरच्याला अडवायचं. वजनाच्या दिवशी सकाळी डॅडी त्याला कचऱ्याची काळी पिशवी घालून कॅनालच्या रस्त्याने पळवायचे, घाम निघून वजन उतरावं म्हणून. तरी पट्टी चिकटलीच. त्या दिवशी घरी येताना डॅडी गाडीत म्हणाले, "ठीक आहे. मोठाच हो मग. एवढा मोठा हो की कुणाला बाजूने जाता येणार नाही."

आणि घरातलं जेवण बदललं. सकाळी मक्याची लापशी, अंडी, डुकराचं सॉसेज, दुपारी शेंगदाण्याचं बटर लावलेला पाव, परत पाव. मम्मा करायची आणि तो खायचा.

दोन वेळा डॅडींनी त्याला वर्गात मागे ठेवलं. एकदा पहिलीच्या आधी आणि एकदा आठवीत. आठवीत तो नापास नव्हता. गणितात तर पहिल्या चारांत होता. पण ज्या वर्षी कॉलेजची माणसं बघायला येतात त्या वर्षी पोरगा समोरच्यापेक्षा मोठा, भरलेला दिसला पाहिजे. आमच्याकडे हे बरेच जण करतात. कुणी धान्य राखून ठेवतं तसं ही माणसं वर्ष राखून ठेवतात. शाळेतली बाई म्हणाली होती, "मिस्टर टिलेरी, मुलगा हुशार आहे." डॅडी म्हणाले, "म्हणूनच, मॅम. एवढ्या हुशार मुलाला फुकट शिकवणारं कॉलेज पाहिजे."

तोडणीच्या पहिल्या आठवड्यात शाळेचा कोच टेटम शेतात आला. पिकअप बांधावर लावून तो वाफ्यांतून चालत आला, टोपी हातात. मी बस थांबवली. टोपी हातात घेऊन आलेला माणूस मार्चमध्येही मम्माच्या दारात एक आला होता, डॅडींची बातमी घेऊन.

"केंड्रेल, जरा इकडे ये."

"इथेच सांगा, कोच."

टेटमने रांगेकडे बघितलं. सगळे उभे होते, हातात एकेक कलिंगड धरून. "वयाचं आहे, पोरा. मेच्या पहिल्या तारखेआधी ज्याला एकोणीस पूर्ण झाली त्याला शेवटचं वर्ष खेळता येत नाही. मी वर अर्ज केला. तुझ्या डॅडींचं सांगितलं. ते म्हणाले, नियम नियम आहे."

केंड्रेलचा वाढदिवस एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला.

"डॅडी म्हणाले होते एप्रिलची पहिली तारीख धरतात," केंड्रेल म्हणाला. "माझा वाढदिवस त्यानंतरचा."

"मला माहीत आहे ते काय म्हणायचे."

"मग तुम्ही का नाही सांगितलं?"

टेटमने टोपी फिरवली. "मला वाटलं त्याने बघितलं असेल. ओझेल सगळं बघायचा. त्याला विचारायला जावं तर तो आपल्यालाच चार गोष्टी सांगायचा."

"मग मी आता शाळेत कोण आहे, कोच?"

"विद्यार्थी आहेस," टेटम म्हणाला. बोलल्यावर त्याची मान लाल झाली.

केंड्रेलच्या हातात अजून ते फळ होतं. त्याने ते वर फेकलं, नीट, हळू. पर्विसच्या चुलतभावाने झेललं. मग तो पुढच्याकडे वळून उभा राहिला, हात पुढे करून. रांग परत सुरू झाली म्हणून मलाही बस पुढे घ्यावी लागली. टेटम वाफ्यात बाजूला उभा होता आणि सगळे त्याला वळसा घालून गेले.

संध्याकाळी मम्माला सांगितलं. ती अंगणात बसून शेंगा सोलत होती. तिचं बोट थांबलं नाही.

"किती दिवसांनी चुकलं?"

"थोड्याच, मम्मा."

"थोड्याच," ती म्हणाली. "तुम्ही जेवून घ्या."

एकच वाट उरली होती. डोंगरांकडच्या एका कॉलेजात जूनमध्ये खेळाडू पारखायचं एक दिवसाचं शिबिर असतं. तिथला कोच टेटमच्या ओळखीचा. शाळेचा खेळ न बघताही तो एखाद्याला उचलू शकतो, असं टेटम म्हणाला. 'उचलू शकतो' हे त्याने दोनदा म्हटलं.

शिबिर ऐन तोडणीत आलं. केंड्रेलने पर्विसला विचारलं, तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं तो शिव्या घालेल. पर्विस पाणी पीत होता. त्याने बाटलीचं झाकण लावलं.

"जा," तो म्हणाला. "मी स्वतः उभा राहतो तुझ्या जागी."

"तुमची पाठ, मिस्टर पर्विस?"

"माझ्या पाठीचं मी बघतो. तू जा आणि आल्यावर मला सगळं सांग. काय मोजतात, काय विचारतात, सगळं." त्याचा मुलगा टायरिस आठवीत होता, अंगाने मोठा. "ओझेल सांगायचा मला. आता कुणाला विचारायचं?"

आम्ही पहाटेच निघालो. केंड्रेल मागच्या सीटवर आडवा, गुडघे छातीशी. वाटेत पेट्रोल पंपावर त्याने तीन बिस्किटं, आमच्याकडचे मऊ गोल पाव, सॉसेज घालून घेतली आणि खाल्ली, एकामागून एक, औषधासारखी.

मैदानावर एवढी मुलं असतील असं मला वाटलं नव्हतं. प्रत्येकाच्या पाठीवर नंबर, प्रत्येकाच्या मागे कुंपणाजवळ एक बाप. काही बापांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. शेजारचा एक गोरा माणूस माझ्याशी बोलायला लागला.

"तुमचा कुठला?"

"तो. अडवणाऱ्यांच्या लाइनवरचा."

"बापरे. माझा तो तिकडे, निळा बूट. बारा वर्षांचा असल्यापासून दर उन्हाळ्यात आणतोय." तो हसला. "बायको म्हणते, एवढ्यात कॉलेज विकत आलं असतं."

"स्कॉलरशिप मिळेल त्याला?"

त्याने मैदानाकडे बघितलं. "गेल्या वर्षी एवढेच होते. कुणी म्हणालं एकाला मिळाली, कुणी म्हणालं त्यालाही नाही. पण मिळालीच तर कुणाला तरी मिळेल ना?"

त्यांनी केंड्रेलला भिंतीला लावून उंची घेतली. हात पसरायला लावून लांबी घेतली. पंजा टेबलावर ठेवून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजला. मापं घेणारा तरुण आकडे मोठ्याने म्हणत होता आणि दुसरा लिहीत होता. केंड्रेल समोर बघत उभा होता, जनावरांच्या बाजारात शांत जनावर उभं असतं तसा. "वळ," तो तरुण म्हणाला, आणि केंड्रेल वळला.

उन्हात गवत भाजत होतं, खोटं गवत, रबराचा वास येणारं. समोरासमोर दोन मुलं उभी करायची, शिट्टी वाजली की एकाने घुसायचं, दुसऱ्याने अडवायचं. केंड्रेल अडवणारा. पहिल्याला त्याने छातीवर घेतलं आणि मागे नेलं, इतकं मागे की शिट्टी वाजल्यावरही तो मुलगा दोन पावलं गेला. दुसऱ्याला खाली पाडलं आणि हात देऊन उठवलं. कुंपणाजवळचे बाप बोलायचे थांबले. कॉलेजचा कोच जवळ आला. डोक्यावर गवती टोपी, वयस्क, काळा माणूस, डॅडींच्या वयाचा असावा.

"परत," तो म्हणाला. "याच्यासमोर तो नंबर आण."

तो मुलगा बारीक होता, लांब हातांचा, अजून मिसरूडही न फुटलेला. दोघे वाकले. शिट्टी वाजली. केंड्रेल पहिल्या पावलाला बरोबर उठला, आणि मग थांबला. अडखळला नाही, घसरला नाही. थांबला, आणि मान कुंपणाकडे वळवली. तो पोरगा त्याच्या बाजूने वाऱ्यासारखा निघून गेला.

कुणीतरी हसलं. "झोपला काय रे!"

नंतर त्याने बाकीचे सगळे जिंकले. कोचने त्याला सावलीत बोलावलं आणि मलाही हाताने खुणावलं.

"तुझ्यात ताकद आहे, पोरा. चांगलं शिकवलंय तुला कुणीतरी."

"यस सर. माझे डॅडी."

"आलेत?"

"नाही, सर."

कोचने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. त्याने टोपी काढून परत घातली. "मी खोटं बोलत नाही. तुझ्या घरच्यांना खोटं ऐकवून पाठवायला मला आवडत नाही. तू एकोणीसचा आहेस. तुझं हाड भरलंय. तू आज जेवढा आहेस तेवढाच राहणार. तुझ्या बाजूने गेला तो पोरगा सोळाचा आहे. तो तीन वर्षांनी काय होईल ते मला माहीत नाही, आणि मला तेच पाहिजे असतं, जे अजून झालेलं नाही. त्यात तू वर्षभर खेळणार नाहीस."

केंड्रेल मैदानावरच्या त्या बारीक पोराकडे बघत होता.

"शाळा संपव. मग इथे प्रवेश घेतलास, स्वतःच्या खर्चाने, तर मी तुला मैदानावर उभं करीन. जागेचा शब्द देत नाही. सरावाला उभं करण्याचा देतो."

"म्हणजे समोर उभं राहायचं," केंड्रेल म्हणाला. "बाकीच्यांना सराव व्हावा म्हणून."

"सुरुवात तिथूनच होते."

"यस सर. थँक्यू, सर."

गाडीत तो पुढे बसला. सीट पूर्ण मागे सरकवली तरी गुडघे डॅशबोर्डला टेकत होते. डोंगर मागे पडले, पाइनची झाडं लागली, मग लाल माती आणि शेंगांची सुकलेली शेतं. पाणी फवारणारे चाकांवरचे लांब पाइप कोरडेच उभे होते.

"तू का थांबलास?" मी विचारलं.

"हसशील तू."

"नाही हसणार."

"ते होते तिथे." तो काचेतून बाहेर बघत होता. "कुंपणाशी, त्या खुर्चीवाल्यांच्या मागे. मार्चपासून असतातच, डेसा. शेतात असतात. वजन उचलताना असतात. मी वाकलो की म्हणतात, अजून खाली. मी खातो तेव्हा म्हणतात, अजून एक. मला सवय झालीय."

"आज काय म्हणाले?"

"तेच ना. आज काहीच बोलले नाहीत. नुसते उभे. मी म्हटलं, बघू तरी काय झालं त्यांना." त्याने तळव्यांनी डोळे दाबले. "एवढ्या लांब आले आणि काहीच बोलले नाहीत."

मी गाडी चालवत राहिले. मला त्याला सांगायचं होतं की असं होतं, माणूस गेल्यावर कान त्याला ऐकत राहतात, मी वाचलंय यावर. पण मला स्वतःला घरी आल्यापासून पायरीवर कुणीतरी बूट आपटून लाल माती झाडतंय असं ऐकू येत होतं, आणि मी दर वेळी बाहेर जाऊन बघत होते.

मम्माने दारातच विचारलं. "काय म्हणाले?"

"चांगलं शिकवलंय म्हणाले," केंड्रेल म्हणाला.

"आणि?"

"आणि काही नाही, मम्मा."

तिने त्याच्या दंडावरची खूण बघितली, खोट्या गवताने सोललेली, आणि व्हॅसलीन आणायला आत गेली.

तोडणी संपत आली होती तेव्हा पर्विस घरी आला. रविवार होता, चर्चनंतरची वेळ, त्याच्या अंगावर अजून कोट. येताना मक्याची कणसं पिशवीत घेऊन आला. मम्माने त्याला बसायला सांगितलं, गोड चहा दिला. केंड्रेल पायरीवर बसला होता. पर्विसची पाठ त्या दिवसापासून धरली होती, तो खुर्चीत तिरका बसला.

"मिस व्हर्डी, मी तुमच्या पोराला एक विचारायला आलोय. तुमची हरकत नसेल तर."

"त्यालाच विचारा. मोठा आहे तो."

पर्विसने चहा खाली ठेवला. "टायरिसचं. शाळा म्हणते, नववीत घालतो. मी म्हणतो आठवीतच ठेवा अजून एक वर्ष. अंग आहे त्याचं, पण अजून मऊ आहे. एक वर्ष मिळालं तर भरेल. त्याचा वाढदिवस ऑक्टोबरचा आहे, मी बघितलंय, तुझ्यासारखं नाही होणार." शेवटचं बोलून तो ओशाळला. "म्हणजे, वाईट नको वाटून घेऊ."

"नाही, सर."

"तू जाऊन आलास. तू बघितलंस. मला सांग, ठेवू का?"

मम्मा शेंगा सोलत होती. दाणे पातेल्यात पडत होते. केंड्रेलने हात गुडघ्यांवर ठेवले. तो कुंपणाकडे बघेल असं मला वाटलं, पण त्याने पर्विसकडे बघितलं.

"त्याला शाळा आवडते?"

"टायरिसला?" पर्विसला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "काय माहीत. कधी बोलला नाही. त्याचे मित्र आहेत तिथे."

"ते सगळे पुढे जातील."

"ते तर जातीलच."

"मी आठवीत मागे बसलो तेव्हा," केंड्रेल म्हणाला, "बाकांमध्ये माझे पाय मावत नव्हते. बाई मला पुस्तकं वाटायला सांगायची, मोठा म्हणून. सगळे धडे मला येत होते. मी हात वर करायचं बंद केलं. डॅडी असते तर हो म्हणाले असते, मिस्टर पर्विस. ठेव म्हणाले असते. मी नाही म्हणतोय. जाऊ द्या त्याला पुढे."

मम्माच्या हातातली शेंग तशीच राहिली. आमच्या अंगणात डॅडींच्या विरुद्ध कुणी बोललं नव्हतं, ते जिवंत असतानाही नाही. केंड्रेलच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्याने तो पुसला नाही.

पर्विस कसाबसा उठला. "बरं," तो म्हणाला. "विचारलं ते बरं झालं." जाताना त्याने केंड्रेलच्या खांद्यावर हात ठेवला, जरा जास्त वेळ, खांदा किती भरलाय ते चाचपत असल्यासारखा.

ऑगस्टमध्ये इथली शाळा सुरू झाल्यावर, माझी उघडायच्या आधी, मी सव्हानाला जायला निघाले. आदल्या दिवशी दुकानात पर्विस भेटला. गाडीत डुकराच्या खाद्याची पोती भरत होता.

"टायरिस कसा आहे?" मी विचारलं.

"मस्त. आठवीत बसला परत. बघ आता, वर्षभरात कसा होतो."

मी काय बोलणार ते त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने पोतं टेकवलं आणि आवाज खाली घेतला.

"केंड्रेलला सांगू नकोस. चांगला पोरगा आहे, पण तो आता दुखावलेला आहे. आणि त्यानेच सांगितलं ना, ओझेल हो म्हणाला असता. मी रात्रभर तेच डोक्यात घोळवलं. ओझेलला या गोष्टी कळायच्या."

मी घरी आले. केंड्रेल शाळेतून यायचा होता. मम्मा सिंकपाशी भांडी घासत होती, तिला मी पर्विसचं सगळं सांगितलं. तिने हातातलं पातेलं विसळलं, उपडं ठेवलं, दुसरं घेतलं. ते तिने घासलं नाही, नुसतं पाण्याखाली धरून उभी राहिली.

"जिवंत होता तेव्हा मी एकदाही म्हटलं नाही," ती म्हणाली. "आता त्याला कुणी सांगायचं, ओझेल, पुरे झालं म्हणून?"